वारा बाहेर कुठून जाणार?

आईच्या खोलीतल्या खिडकीच्या गजाला मी एक दोरा बांधला होता. शिवणाचा, पांढरा, वीतभर लांबीचा. खिडकी उघडी, बाहेर झाडाची पानं हलताहेत आणि दोरा मात्र ओळंब्यासारखा सरळ खाली.

आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. महिनोन्‌महिने तिचा दिवस त्या एका खोलीत उगवायचा आणि तिथेच मावळायचा. पंख्याच्या वाऱ्याने तिचं डोकं दुखायचं, एसीने सांधे आखडायचे. म्हणून मी खिडकी उघडून बसायचे, आणि तरी तिच्या मानेखालची उशी ओली व्हायची. "वारंच पडलंय गं," ती म्हणायची. मलाही तसंच वाटायचं.

एका रात्री वीज गेली. मेणबत्ती शोधायला उठले तेव्हा तिच्या खोलीचं दार, पुढच्या खोलीचं दार आणि तिथून गॅलरीचं दार असं सगळं मी उघडं टाकून गेले. मेणबत्ती पेटवून परत आले तर ती उंबऱ्यातच विझली. टॉर्च लावून पाहिलं. दोरा आतल्या दिशेने जवळजवळ आडवा झाला होता आणि थरथरत होता. आईने डोळे न उघडताच विचारलं, "आता कुठून आलं गं हे?"

ते सगळा वेळ खिडकीबाहेरच होतं. घरातून पलीकडे निघून जायला त्याला वाट नव्हती, म्हणून ते आत शिरत नव्हतं. एवढी साधी गोष्ट मला कळायला इतकी वर्षं लागली याचं त्या रात्री फार वाईट वाटलं, कारण ती वर्षं आईच्या अंगावरून गेली होती.

त्यानंतर मी घरांकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. मिळेल ते वाचलं, नकाशे पाहिले, उष्ण कटिबंधातली जुनी घरं कशी बांधली जायची ते समजून घेत गेले.

वाऱ्याचं गणित तसं सरळ आहे. वारा इमारतीवर आदळतो तेव्हा त्या बाजूला हवेचा दाब जरासा वाढतो आणि पाठीमागे तो कमी होतो. खोलीला दोन्हीकडे तोंड असेल तर एक बाजू हवा ढकलते आणि दुसरी ओढून घेते. एकाच बाजूला खिडकी असलेली खोली बाटलीसारखी असते. बाटलीत कितीही फुंकर घाला, ती तोंडावरूनच परत येते. इमारती आखणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: एकाच बाजूने उघडी असलेली खोली छताच्या उंचीच्या साधारण अडीचपट अंतरापर्यंत हवा खेळवू शकते, आणि आरपार उघडी असेल तर पाचपट. छत 3 मीटरवर असेल तर साडेसात मीटर आणि 15 मीटर. त्यातही साडेसात मीटरचा हिशेब श्वासापुरती हवा बदलण्याचा आहे. अंगाला लागेल अशी झुळूक त्यातून मिळेलच असं नाही.

गरम हवा वर जाते, म्हणून वर झरोका आणि खाली खिडकी ठेवावी, हे आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण दमट प्रदेशात त्यावर किती भिस्त ठेवायची हे आकडे मांडल्यावर कळतं. खालच्या आणि वरच्या तोंडात 3 मीटरचं अंतर असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा 2 अंशांनी गरम असेल, तर त्यातून निर्माण होणारा दाब एका पास्कलच्या (पास्कल म्हणजे दाब मोजायचं एकक) पाव हिश्श्याएवढाही भरत नाही. उलट सेकंदाला 2 मीटर वेगाची, म्हणजे पानं जेमतेम हलवणारी झुळूक भिंतीवर आली की तिचा दाब अडीच पास्कलच्या आसपास जातो. साधारण दहापट. झरोका हवाच, कारण वारा पडलेल्या दुपारी तेवढाच आधार असतो. पण दमट उन्हाळ्यातलं घर खऱ्या अर्थाने जगतं ते आरपार वाऱ्यावर.

आणि तो वारा अंगालाच लागला पाहिजे. नुसता बसलेला माणूससुद्धा सुमारे 100 वॉट उष्णता सतत बाहेर टाकत असतो. हवा त्वचेइतकीच गरम झाली की ती उष्णता जायला घामाशिवाय मार्ग उरत नाही. एक ग्रॅम घाम सुकताना शरीरातून सुमारे 2400 जूल उष्णता नेतो, पण तो सुकला तर. दमट हवेत त्वचेलगतचा पातळ थर लगेच ओलसर होऊन बसतो आणि घाम नुसता निथळत राहतो. वारा तो थर पुसून नेतो. सेकंदाला एक मीटरच्या आसपासच्या वाऱ्यात तीच हवा दोन-तीन अंशांनी थंड वाटते. छताजवळून वाहणाऱ्या वाऱ्याचा पलंगावरच्या माणसाला उपयोग नसतो. आईची खिडकी कमरेच्या वर होती आणि पलंग तिच्या खाली. थोडाफार वारा आत आलाच तर तो आईच्या वरून, अंगाला न लागता निघून जायचा. नर्स औषधं देताना खिडकीशी उभी राहायची, तिला बरं वाटायचं.

मलय द्वीपकल्पातल्या जुन्या लाकडी घरांबद्दल वाचताना मी याच मुद्द्यावर थबकले होते. त्या घरांच्या खिडक्या थेट जमिनीपासून सुरू होतात. घरातली माणसं जमिनीवर बसत, जमिनीवर निजत. म्हणून वारा जिथे माणूस आहे तिथे आणला होता. मला हे विलक्षण वाटलं. खिडकीची उंची ठरवताना कुणीतरी आधी माणसाकडे पाहिलं होतं, आणि तेही बसलेल्या, निजलेल्या माणसाकडे.

या घराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यातला प्रत्येक भाग त्या हवेला दिलेलं उत्तर आहे. घर खांबांवर उचललेलं असतं. जमिनीलगत झुडपांनी वारा मंदावलेला असतो, थोडं वर गेलं की तो मोकळा होतो. शिवाय पूर आला तर पाणी खालून जातं आणि ओल वर चढत नाही. भिंती लाकडाच्या, पातळ, ऊन धरून न ठेवणाऱ्या. छप्पर निपा नावाच्या पामच्या पानांनी शाकारलेलं, उताराला तीव्र. सूर्य मावळला की ते लगेच निवतं. छपराच्या दोन टोकांना, त्रिकोणी भागात, लाकडी फटींची नक्षी असते. आढ्याखाली साठलेली गरम हवा तिथून निघून जाते. आत अडसर कमी, भिंतींचा वरचा भाग जाळीदार, त्यामुळे वाऱ्याला घरभर फिरता येतं. गावातली घरंही रांगेत नसतात, विखुरलेली असतात, म्हणजे एकाचा आडोसा दुसऱ्याच्या वाऱ्याआड येत नाही. भोवती उंच नारळ: सावली डोक्यावर, आणि खोडांमधून वारा मोकळा.

पण माझं मन सर्वांत जास्त गुंतलं ते छपराच्या खाली उतरलेल्या कडेत. ही कड भिंतीच्या खूप पुढे येते. आधी मला वाटलं ते उन्हासाठी. उन्हासाठी आहेच, पण तेवढं नाही. उष्ण कटिबंधात उकाडा आणि पाऊस एकाच वेळी येतात. पाऊस आला म्हणून खिडकी लावली की आत लगेच कोंदट होतं, अंग चिकट होतं, भिंतींना वास सुटतो. ज्या घराची वळचण खोल आहे ते घर धो धो पावसातही उघडं राहतं. पागोळ्या बाहेर पडत राहतात आणि वारा आत येत राहतो.

इथे माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. वारा सगळीकडे थोडाफार असतोच. अवघड काम आहे ते घर उघडं ठेवता येण्याचं. पावसात उघडं, रात्री उघडं, शेजाऱ्यांच्या नजरा असताना उघडं, घरात कुणी नसताना उघडं. जुन्या घरांमधली निम्मीअधिक कारागिरी याच कामी लागलेली दिसते.

सामोआ बेटांवरचं पारंपरिक घर, 'फाले', याचं सर्वांत धीट रूप आहे. त्याला भिंतीच नसतात. गोल किंवा लंबगोल छप्पर, त्याला पेलणारे खांब आणि उंचावलेलं जोतं. खांबांच्या मध्ये नारळाच्या पानांचे विणलेले पडदे वर गुंडाळलेले असतात. ज्या दिशेने पाऊस येईल तेवढ्याच बाजूचे खाली सोडायचे, बाकीचं घर तसंच उघडं.

सगळ्यांना इतकं उघडं राहणं जमणार नाही. खाजगीपणा हवा आणि वाराही हवा, ही ओढाताण खरी आहे. केरळी धाटणीच्या जुन्या लाकडी वास्तूंनी ती फार सुंदर सोडवली. पद्मनाभपुरमच्या राजवाड्यातल्या मंत्रशाळेत लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या आहेत. पट्ट्या तिरक्या, एकीवर एक. बाहेरचं ऊन आणि नजर अडते, वारा मात्र फटीफटीतून आत झिरपतो. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात 1929च्या सुमारास तिघांनी मिळून सिमेंटचा एक पोकळ, जाळीदार ठोकळा काढला. तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून त्याला 'कोबोगो' हे नाव मिळालं. त्याची अख्खी भिंत रचली की घर झाकलेलं राहतं आणि हवाही खेळती राहते.

आणि लॉरी बेकर. 1945 साली भारतात आलेल्या या इंग्रज वास्तुकाराने विटांची जाळी आपल्या बांधकामाची ओळखच करून टाकली. तिरुअनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात ती भिंतीभिंतीत दिसते. खिडकी म्हटली की चौकट, झडपा, गज, बिजागऱ्या आल्या. त्यांनी विटा रचताना मध्ये मोकळ्या जागा सोडल्या, की उजेड आला, वारा आला, आडोसाही झाला, आणि रात्री कुलूप लावायची गरज उरली नाही. या शेवटच्या गोष्टीकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. रात्रीचा वारा सर्वांत गार असतो आणि नेमक्या तेव्हाच आपण चोराच्या भीतीने सगळं लावून घेतो. विटांची जाळी रात्रभर उघडी असते.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागात एकोणिसाव्या शतकात रुजलेली लाकडी घरं मला याच ओळीतली वाटतात. खांबांवर उभी, भोवती व्हरांडा. आणि त्यांच्यात एक बारीक गोष्ट होती जिने माझा प्रश्न सोडवला: आतल्या दारांच्या वर कोरलेल्या लाकडाची जाळी. दार लावलं, खोलीत निजलं, तरी दारावरच्या नक्षीतून हवा एका खोलीतून दुसरीत जात राहते. आईच्या खोलीचं दार मी का लावत होते? ती आजारी, तिला निवांतपणा हवा म्हणून. त्या दाराबरोबर मी वाराही बाहेर ठेवत होते.

मध्येच एक सांगायला हवं. पारंपरिक घरं म्हटलं की जाड मातीच्या भिंती आणि मधला चौक डोळ्यांपुढे आणायचा, असा प्रघात पडला आहे. इराणातल्या यज्दच्या मातीच्या घरांची आणि वाऱ्याच्या मनोऱ्यांची चित्रं दाखवून दमट किनारपट्टीवर तशी घरं सुचवली जातात. मला हे अजिबात पटत नाही. वाळवंटात दिवस भाजतो आणि रात्र गार होते. जाड भिंत दिवसाची उष्णता गिळते आणि रात्री सोडून मोकळी होते. दमट प्रदेशात रात्रही फारशी निवत नाही. तिथे जाड भिंत दिवसा जे साठवते ते रात्रभर झोपणाऱ्याच्या अंगावर सोडत राहते. परंपरा एका हवेसाठी घडलेली असते. ती उचलून दुसऱ्या हवेत ठेवली तर तिचं फक्त रूप उरतं.

चौकाचंही तसंच. दमट हवेत चौक उपयोगी पडतो, पण भोवतालच्या खोल्या त्याच्याकडे उघडल्या तरच. कोलंबोत वास्तुकार जेफ्री बावा यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला एना डी सिल्वा यांच्यासाठी बांधलेलं घर याचं चांगलं उदाहरण आहे. शहरातली जागा, भोवती शेजार; बाहेरच्या बाजूला उघडायला वाव कमी. त्यांनी उघडेपणा आत वळवला, खोल्या चौकाभोवती मोकळ्या सोडल्या. हे घर पुढे जागेवरून उचलून लुनुगंगा इथे, बावांच्या स्वतःच्या बागेत, पुन्हा उभं केलं गेलं.

आजच्या बांधकामात हे उतरलेलं पाहायचं तर मी आधी ऑस्ट्रेलियन वास्तुकार ग्लेन मर्कट यांच्या एका लहान घराकडे बोट दाखवेन. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला यिरकाला इथलं, 1994मधलं मारिका-आल्डर्टन घर. त्यात काच नाही. खिडक्यांच्या जागी प्लायवुडची मोठी झापडं आहेत, वर उचलली की तीच छज्जा होतात. जमीन खांबांवर उचललेली. भिंतीतून उभ्या पट्ट्या पुढे आलेल्या. त्या कलतं ऊन अडवतात आणि आडोसाही देतात. छपरावर फिरणाऱ्या नळ्या, गरम हवा बाहेर टाकणाऱ्या. लोखंडाचा सांगाडा, कारखान्यात तयार केलेले भाग, म्हणजे दिसायला ते कुठल्याच जुन्या घरासारखं नाही. पण त्याचं वागणं जुन्या घरांचं आहे.

प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर नुमेआजवळ इटालियन वास्तुकार रेन्झो पियानो यांचं तिबाऊ सांस्कृतिक केंद्र 1998 साली उभं राहिलं. तिथल्या मूळच्या कनाक लोकांच्या उंच झोपड्यांवरून सुचलेली दहा लाकडी दालनं, सर्वांत उंच 28 मीटरचं. दुहेरी भिंत, मधल्या पोकळीतून हवा खेळते आणि वाऱ्याच्या वेगाप्रमाणे पट्ट्या उघडतात, मिटतात. मुंबईत वास्तुकार चार्ल्स कोरियांची कांचनजंगा इमारत 1983 साली पूर्ण झाली, 28 मजली. तिथली अडचण अशी की समुद्रवारा पश्चिमेकडून आणि ऊनपाऊसही तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचा धडा घेतला, कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या आणि घरं दोन्ही बाजूंना उघडी ठेवली. उंच इमारतीतही वळचण करता येते, हे मला तिथून कळलं.

जुन्या घरांत सगळं गोड होतं असं मला म्हणायचं नाही. शाकारलेल्या छपरात किडे आणि आगीची धास्ती होती, खोल वळचणीने आत अंधार असायचा, चुलीचा धूर बायकांच्या फुप्फुसांत जायचा. शहरात बाहेर गोंगाट आणि धूळ आहे. आणि हवा खूप तापली, वर दमटही असली, तर नुसता वारा माणसाला वाचवत नाही. तेव्हा यंत्राचा गारवा हा जिवाचा प्रश्न असतो. आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना, तान्ह्या बाळांना तो मिळायलाच हवा.

पण वर्षातले किती दिवस तसे असतात आणि किती दिवस आपण केवळ घर उघडता येत नाही म्हणून यंत्र लावतो? पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत झालेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारं उघडल्यावर खोल्यांतली हवा तासाला सरासरी 28 वेळा बदलत होती. संसर्गाचा धोका असलेल्या, यंत्राने हवा पुरवणाऱ्या खोल्यांसाठी मानक आहे तासाला 12 वेळा. आणि 1950पूर्वीच्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती तर 40पर्यंत पोहोचल्या. अभ्यासाचा विषय क्षयरोगाचा संसर्ग होता. आजाऱ्याची खोली कशी असावी याबद्दल मी त्या आकड्यांतून जे शिकले ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आईच्या खोलीत आम्ही तीन गोष्टी बदलल्या. सरकती खिडकी काढली. सरकती खिडकी कधीच पूर्ण उघडत नाही, एक फळी नेहमी दुसरीच्या पाठीशी, म्हणजे निम्मी खिडकी कायम बंद. तिच्या जागी बाहेर उघडणाऱ्या, खालपर्यंत येणाऱ्या झडपा लावल्या. अर्ध्या उघडल्या की त्या वारा हाताने वळवावा तसा आत घेतात. डासांची जाळी खिडकीवरून काढून गॅलरीच्या मोठ्या तोंडावर नेली, कारण जाळी वारा अडवते आणि तिचा विस्तार जितका मोठा तितका तो अडसर कमी जाणवतो. दारावरचं बंद तावदान काढून तिथे तिरक्या लाकडी पट्ट्या बसवल्या. बाहेरचा जेमतेम वीतभर छज्जा मात्र सहज वाढवता येत नव्हता. परवानगी मिळवून, तिरपा, अडीच फुटांचा करून घेतला, त्यात सर्वांत जास्त वेळ गेला.

पावसाळ्यातली पहिली जोराची सर रात्री दोनच्या सुमारास आली. मी सवयीने धडपडत उठले, खिडकी लावायला. खिडकीच्या खालच्या फळीवर हात ठेवला. कोरडी होती. बाहेर छज्ज्याच्या कडेवरून पागोळ्यांचा पडदा पडत होता आणि ओल्या मातीचा वास घेऊन गार हवा झडपेवरून वळून पलंगाकडे जात होती. दोरा हलत होता. दारावरच्या पट्ट्यांतून पुढच्या खोलीतलं कॅलेंडर फडफडताना ऐकू येत होतं.

मला वाटलं आई झोपलीय.

"राहू दे गं," ती म्हणाली. "लावू नकोस."